अम्मींनी धुतलेला हिरवा पेला

माझ्या सासूबाईंना, म्हणजे अम्मींना, डाग सहन होत नाही. कपड्यावरचा नाही, भिंतीवरचा नाही आणि माणसाच्या वागण्यातला तर मुळीच नाही. दाभोळच्या घरी लोणच्याची एक चिनी मातीची बरणी आहे. ती त्यांनी राख आणि काथ्याने इतकी वर्षं घासली आहे, की तिच्यावरचा निळा वेल आता फक्त आम्हालाच दिसतो, कारण तो कुठे होता हे आम्हाला पाठ आहे. पुढे जे घडलं त्यात कुणाचा वाईट हेतू होता असं वाटू नये, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

आम्ही थुवालला राहतो, तांबड्या समुद्राच्या काठावरच्या विद्यापीठाच्या वसाहतीत. नवरा तिथल्या इमारतींचे एसी सांभाळतो आणि मी एका लॅबमधले नमुने. दोघांनाही पगार मिळतो तो दुसऱ्याच्या वस्तू बिघडू नयेत म्हणून. आमच्या शेजारच्या घरात एक चिनी बाई राहते. माझ्याच वयाची, एकटी, समुद्रातल्या शेवाळावर संशोधन करणारी. आमची ओळख झाली ती थुवालच्या मासळी बाजारात. मी माशाचे कल्ले उघडून बघत होते आणि शेजारी तीही तेच करत होती. मासेवाला दोघींवरही सारखाच वैतागला. त्यानंतर दर शुक्रवारी दुपारी मी तिच्याकडे चहाला जाऊ लागले.

पहिल्या दिवशी तिने किटलीतला पहिला चहा सरळ ओतून दिला तेव्हा माझा जीव हळहळला. पानं धुवायची असतात म्हणे. मग पुढ्यात पेला आला तो एवढासा. आमच्याकडे एवढ्या वाटीतून तान्ह्या बाळाला गुटी पाजतात. तोसुद्धा काठोकाठ भरलेला नव्हता. मी मनात म्हटलं, बाई हुशार आहे पण हात आखडता आहे. पुढे कळलं, की त्यांच्याकडे पेला काठापर्यंत भरणं हाच उद्धटपणा. पाहुण्याची बोटं भाजतात, त्याला नीट धरता येत नाही, म्हणून वर थोडी जागा सोडायची. आपल्याकडे पाहुण्याचा कप बशीत सांडेपर्यंत भरला नाही तर घरातल्या बाईचं नाव खराब होतं. दोघींची घरं एकाच भिंतीची आणि रीत अशी उलटी.

पण त्या भांड्यांचा रंग! मी तो आधी कधी पाहिला नव्हता, असं वाटलं, आणि पाहिला होता असंही वाटलं. केळीचं कोवळं पान उलटं केलं की मागच्या बाजूला जो धुरकट हिरवा दिसतो, तो. बोट लावलं की पुसला जाईल असा. इंग्रजीत याला सेलाडॉन म्हणतात, ते मला तिच्याकडूनच कळलं. चिनी माणसाला हिरव्या जेड रत्नाचं वेड. ते रत्न सगळ्यांना कुठलं परवडायला? तेव्हा कुंभारांनी मातीलाच तो रंग आणायचा ध्यास घेतला. झिलईच्या काल्यात लोखंडाचा किंचित अंश आणि भट्टीत हवा कोंडलेली, एवढ्यावर सगळा खेळ. हवा जास्त झाली तर तेच लोखंड गंजाच्या पिवळट वळणावर जातं. पिढ्यान् पिढ्या लोक भट्टीच्या तोंडाशी बसून या एका हिरव्याची वाट बघत राहिले. मला अशी हट्टी माणसं आवडतात. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे तिकडचे चहाचे जाणकार म्हणे हिरव्या पेल्यालाच पहिला मान देत, कारण त्यात चहाचा रंग खुलून दिसतो.

ही भांडी जहाजांत भरून अर्ध्या जगात गेली. अरबी आणि फारसी मुलखात त्यांना मर्तबानी म्हणत, ब्रह्मदेशातल्या मर्तबान बंदरावरून. राजेलोक त्यांतून जेवत, कारण अन्नात विष असेल तर असलं ताट तडकतं किंवा रंग बदलतं अशी समजूत होती. ती खरी नव्हती, पण तिच्यामुळे ताटं मात्र खूप खपली.

शेजारणीकडे तसे चार-सहा पेले होते, पण एक निराळा होता. तो ती पाहुण्याला देत नसे. त्याच्या झिलईत बारीक चिरांचं जाळं होतं. भट्टीतून निघून गार होताना माती आणि वरची झिलई सारखी आकसत नाहीत, म्हणून झिलई अशी तडकते. याचीही एक गोष्ट तिने मला सांगितली. दोघे कुंभार भाऊ होते. धाकट्याला थोरल्याचं कौतुक सहन होईना, म्हणून त्याने थोरल्याच्या तापलेल्या भट्टीत गार पाणी ओतलं. सगळी भांडी तडकली. थोरल्याने ती तशीच बाजारात नेली, आणि लोक त्या चिरांवरच भाळले. तेव्हापासून मुद्दाम तडकलेली भांडी करतात.

त्या पेल्याच्या चिरांत चहा मुरला होता. रोज एकाच पेल्यातून चहा प्यायला की चिरा हळूहळू तपकिरी होत जातात, प्रत्येक माणसाच्या चहाप्रमाणे वेगळ्या. याला ते पेला पोसणं म्हणतात. हा पेला तिच्या वडिलांचा. ते कडक काळा चहा घेत आणि पेला कायम अर्धाच भरत. म्हणून खालच्या अर्ध्या भागातलं जाळं गडद होतं. ते वारल्यावर ती त्यातून पिऊ लागली, तिचा चहा फिका आणि थोडा वरपर्यंत, म्हणून वरच्या चिरा सोनेरी. काठाजवळच्या मात्र पांढऱ्याच. "खालचे बाबा, वरची मी," असं ती बोट ठेवून दाखवायची. तिच्या वडिलांचा फोटो मी कधी पाहिला नाही, पण त्यांचा चहा कितपत कडक होता हे मला ठाऊक होतं.

चिनी नववर्षाला ती आईकडे गेली, तेव्हा जाण्याआधी तो पेला कागदात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आली. म्हणाली, "हा बरोबर नेला तर फुटेल आणि इथे ठेवला तर कोरडा पडून राहील. तू रोज एकदा यात चहा घे. बिनदुधाचा. साबण लावू नकोस, नुसत्या गरम पाण्याने विसळ."

मी हो म्हटलं. कुणी विश्वासाने ठेवायला दिलेल्या वस्तूला आमच्यात अमानत म्हणतात, आणि अमानतीला धक्का लावणं ही साधी चूक मानली जात नाही. मला अभिमान वाटला, की एवढ्या वसाहतीत तिने हे माझ्याकडे दिलं.

ती गेली त्याच आठवड्यात अम्मी आल्या, व्हिजिट व्हिसावर. पण त्या आम्हाला बघायला आल्या नव्हत्या. त्या उमऱ्यासाठी, म्हणजे हजच्या दिवसांखेरीज केव्हाही करता येणाऱ्या मक्केच्या छोट्या यात्रेसाठी, आल्या होत्या. सासरे हयात असताना दोघांनी मिळून जायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं. थुवालहून मक्का गाडीने दीड तासावर. गुडघे अधूच, पण काबागृहाच्या फेऱ्या आपल्या पायांनीच घालायच्या असा त्यांनी निश्चय केला होता. त्यासाठी रोज पहाटेच्या फजरच्या नमाजनंतर समुद्रकाठच्या फरसबंद वाटेवर त्या चालण्याचा सराव करत. नवऱ्याने फोनवरच्या ॲपमधून येत्या गुरुवारचा परवानाही घेतला.

पेल्याबद्दल मी अम्मींना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. शेजारणीची अमानत आहे, मी बघेन त्याचं. त्या म्हणाल्या, "अमानत म्हटलीस, आता मी कशाला हात लावते?" आणि लावलाही नाही. घोटाळा झाला तो शेजारणीच्या मेसेजने. "रविवारी परत येते," असं तिने कळवलं, ते मी नाश्त्याच्या वेळी आनंदाने सगळ्यांना सांगितलं आणि कामावर गेले.

आता आमच्या खाडीकाठचा एक नियम आहे. शेजारचं भांडं कळकट परत करायचं नाही, आणि रिकामंही परत करायचं नाही. शेजारीण कालवणाची वाटी देऊन गेली, तर ती वाटी तिच्या घरी असेल त्याहून लख्ख होऊन जाते आणि तिच्यात दोन घावने तरी असतात. अम्मी या नियमात जन्मल्या. त्यांनी पेला हातात घेऊन पाहिला असणार आणि त्यांना दिसल्या असणार नुसत्या चहाच्या रेघा. सुनेने रोज चहा घेतला आणि भांडं घासलं नाही. उद्या ती बाई येऊन बघेल, तर काय म्हणेल? राख काही या मुलखात मिळत नाही. त्यांनी न्हाणीघरातली ब्लीचची बाटली घेतली.

मी संध्याकाळी घरी आले तर पेला टेबलावर, रुमालावर ठेवलेला. आत चार बदाम आणि एक खजूर. अम्मी शेजारी बसलेल्या, प्रसन्न.

"बघ कसा झालाय," त्या म्हणाल्या. "रात नाय गो लागली, दुपारीच सगळं निघालं."

सगळं निघालं होतं. जाळं तसंच, पण पांढरं. बाबा नव्हते आणि तीही नव्हती. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं म्हणतात, पण तेव्हा मला म्हणबिण काही सुचलं नाही. मला इतका राग आला, की मी बेडरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. बोलले असते तर जे बोलले असते ते परत घेता आलं नसतं. थोड्या वेळाने बाहेर आले आणि त्यांच्या समोर बसून सावकाश सगळं सांगितलं. रेघा कुणाच्या, खालच्या कोणत्या, वरच्या कोणत्या.

अम्मींच्या तोंडचं पाणी पळालं. "बाप हयात हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी बदाम आणि खजूर काढून घेतले. रुमालाची घडी घातली. मग मुलाला हाक मारली आणि म्हणाल्या, "गुरुवारचं रद्द कर."

नवऱ्याला वाटलं, तब्येत बिघडली. कारण कळल्यावर तो हसला, आणि तिथेच चुकला. अम्मींचं म्हणणं सरळ होतं. अल्लाचं काही देणं राहिलं तर अल्ला माफ करतो. पण माणसाचं मन दुखावलं असेल तर ते त्या माणसानेच माफ करावं लागतं, त्याच्यासाठी काब्याच्या दारात रडून उपयोग नाही. लोक म्हणूनच प्रवासाला निघण्याआधी गावभर फिरून कहासुना, म्हणजे चुकलंमाकलं बोललेलं, माफ करून घेतात. त्यांनीही निघताना दाभोळचं प्रत्येक घर घेतलं होतं. जिच्याशी वीस वर्षं अबोला होता त्या जावेचंसुद्धा. "एवढं सगळं साफ करून आले नि इथं पोचल्यावर नवीन करून बसले. तशीच जाऊ?"

"रविवारी ती येतेच आहे अम्मी," मी म्हटलं. "सोमवारी जाऊ."

पण शनिवारी मेसेज आला. तिची आई जिन्यावरून पडली होती, कंबरेचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन होतं. परत कधी येणार ते सांगता येत नव्हतं.

नवऱ्याने सगळं करून पाहिलं. व्हिडिओ कॉल करू या, म्हणाला. अम्मी म्हणाल्या, "आईच्या खाटेशी बसलेल्या पोरीला मी हे सांगू? आणि फोनवर माणूस बरं बरं म्हणतं. मनातून म्हटलं की नाय, ते तोंडासमोर कळतं." त्याने दाभोळच्या मौलवींना फोन लावून स्पीकरवर ठेवला. मौलवी चांगले माणूस, त्यांनी समजावलं की नियत साफ होती, चूक अजाणता झाली, उमऱ्याला काही आडकाठी नाही. अम्मींनी ऐकून घेतलं, सलाम केला, फोन बंद केला आणि म्हणाल्या, "मौलवींचा पेला असता तर गेले असते." हे सगळं पालथ्या घड्यावर पाणी होतं. खरं सांगायचं तर या वेळपर्यंत मीही त्यांच्या बाजूची झाले होते. राग होताच, पण अशा हट्टापुढे रागाला उभं राहायला जागा मिळत नाही.

मग आम्ही दोघींनी पेला पुन्हा पोसायला घेतला. ही माझी कल्पना. मी रोजचं एकदाचं काम तीनदा करू लागले, पत्ती दुप्पट टाकू लागले. दोन-तीन दिवसांनी अम्मी म्हणाल्या, "घाण मी केली, पिणार मी." काळा चहा म्हणजे त्यांच्या मते आजारी माणसाचा काढा. दूध नाही, साखर नाही, वेलची नाही. पण रोज त्या पेला पुढ्यात घेत, बिस्मिल्ला म्हणत आणि चेहरा वाकडा न करता संपवत. रमजान आल्यावर हे रोजा सोडल्यानंतर, संध्याकाळची मगरिबची नमाज झाली की. आणि भरायच्या मात्र काठोकाठ. मी सांगितलं, अम्मी, त्यांच्यात थोडा कमी भरतात. त्या म्हणाल्या, "कमी भरलेला चहा मी कुणाला दिला नाय, स्वतःला कशाला देऊ?"

रमजानमधल्या उमऱ्याचं पुण्य फार मोठं मानतात. शेजारीपाजारी, ओळखीपाळखीचे, रत्नागिरी-रायगडकडचे सगळे गाड्या भरून मक्केला जाऊन येत होते आणि येताना आमच्याकडे तिथल्या झमझम विहिरीचं पवित्र पाणी देत होते. प्रत्येक जण विचारी, "अम्मींचं कधी?" अम्मी म्हणत, "बोलावणं आलं की." पाणी मात्र त्या डोळे मिटून पीत, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आवरी. मला त्यांची दया येत होती आणि त्यांना ती चालली नसती.

एकदा पेला विसळताना त्या म्हणाल्या, "असल्या रंगाच्या ठिकऱ्या आम्हाला खाडीत मिळायच्या." ओहोटीच्या वेळी चिखलात पाय घातला की खापराचे तुकडे लागत, त्यांतले काही असे हिरवे, गुळगुळीत. लंगडीच्या डावात टाकायला ती ठिकरी सगळ्यांत चांगली, जमिनीवर सरळ घसरत जाते. ज्या पोरीकडे हिरवी ठिकरी तिचा डाव पहिला. मी त्यांना सांगितलं, की दाभोळ हे कधीकाळी मोठं बंदर होतं, ही चिनी भांडी तिथे उतरत आणि पुढे इकडे, तांबड्या समुद्राकडे येत. हाजीही तिथूनच जहाजात बसत. "म्हणजे माल नि माणसं एकाच वाटेनं," अम्मी म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "ती भावांची गोष्ट सांगितलीस ना. त्या धाकट्यानं माफी मागितली का?"

"गोष्टीत तसं काही नाही, अम्मी."

"मग अर्धीच गोष्ट हाय."

चिरांत रंग उतरत होता, पण सावकाश. आधी काहीच दिसेना. मग उजेडात धरल्यावर केसाएवढी पिवळट रेघ दिसू लागली. मी खूश झाले. म्हटलं, अजून थोडं चाललं तर तिला कळणारही नाही. सुंठीवाचून खोकला जाईल. अम्मींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला जागच्या जागी लाज वाटली.

"मी लपवायला पीत नाय गो," त्या म्हणाल्या. "तो चहा परत येत नाय, हे मला कळतं. पण तिनं सांगितलं होतं, कोरडा ठेवू नको. तेवढं तरी आपण ऐकलं पाहिजे."

ईद झाली. रमजानच्या रात्रींच्या तरावीहच्या लांब नमाजांनी त्यांचा उजवा गुडघा सुजला होता, तो उतरेना. डॉक्टरांनी चालणं बंद करायला सांगितलं. समुद्रकाठचा सराव संपला. आणि मग नवऱ्याने जी बातमी आणली तिने मीही हबकले. हजच्या आधी व्हिजिट व्हिसावाल्यांना मक्केत जायला बंदी लागते, ती तारीख जाहीर झाली होती. त्यानंतर हज आटपेपर्यंत अम्मींना आत सोडणार नव्हते, आणि तोवर त्यांचा व्हिसा संपणार होता. तो एकदा वाढवून झाला होता. नवरा पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडला. "अम्मी, एका पेल्यापायी तू तशीच परत जाशील. परत कधी येणार तू? ह्या गुडघ्यांनी?"

"नाय येणार," अम्मी म्हणाल्या. "ठाऊक हाय मला." आणि त्या पेला घेऊन बसल्या.

बंदीच्या आधीच्या आठवड्यात शेजारीण परत आली. तिची आई काठी घेऊन चालू लागली होती. ती स्वतः मात्र अर्धी झाली होती. अम्मींनी तिला एक दिवस झोपू दिलं. दुसऱ्या दिवशी ठेवणीतली ओढणी घेतली, पेला दोन्ही हातांत धरला आणि मला म्हणाल्या, "चल. जेवढं मी बोलेन तेवढंच सांग. गोड करू नको."

तिच्या दारातच त्यांनी पेला पुढे केला. या वेळी त्यात काही घातलं नव्हतं. "पोरी," त्या म्हणाल्या, "तुझ्या बापाचा चहा मी धुऊन टाकला. मला ठाऊक नव्हतं. पण हात माझाच होता. मला माफी हवी, ती मागायला आले. द्यायची नसेल तर नको देऊ, मी समजेन."

मी इंग्रजीत सांगितलं. एक शब्द मऊ करावा असं इतकं वाटत होतं, पण अम्मी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांना इंग्रजी येत नाही, लबाडी मात्र बरोबर कळते.

शेजारणीने पेला खिडकीपाशी नेला. अंगठा आत घालून तळापासून फिरवला. बराच वेळ ती पाठमोरी होती. मग म्हणाली, "मला आत्ता काही बोलता येणार नाही," आणि दार हळूच लागलं.

पुढचे दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यांत लांब दिवस. भिंतीपलीकडे तिच्या किटलीचा आवाज येई आणि आम्ही तिघं इकडे ऐकत बसू. नवरा म्हणाला, मी जाऊन तिला परिस्थिती सांगतो, तारीख सांगतो. अम्मींनी त्याला तिथल्या तिथे थांबवलं. "तारीख सांगितलीस तर ती दया करील. तगादा लावून माफी घ्यायची नाय." मी कपडे वाळत घालताना तिच्या खिडकीकडे बघत नसे, म्हणजे मुद्दाम बघत नसे. आतून मला तिचाही राग येऊ लागला होता, आणि तो अन्याय आहे हेही कळत होतं.

बंदी लागायच्या आदल्या दिवशी सकाळी बेल वाजली. शेजारीण दारात, एका हातात किटली, दुसऱ्यात पेला. ती आत येऊन अम्मींच्या समोर जमिनीवर बसली आणि मला म्हणाली, "मी बोलते तसंच सांग."

"काही हरकत नाही, असं मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "हरकत आहे. माझ्या बाबांचा चहा आता जगात कुठेच उरला नाही. मी खूप रडले आणि तुमच्यावर खूप चिडले. पण तुम्ही लपवू शकला असता, आणि तुम्ही आलात. मी तुम्हाला माफ केलं."

मी सांगितलं. अम्मींनी डोळे पुसले नाहीत, नुसते वाहू दिले. म्हणाल्या, "काही हरकत नाही म्हणाली असतीस, तर मी उद्यापण इथंच बसले असते."

मग तिने पेला उजेडात धरला. तळाशी फिकी रेघ होती, मधे फिकी, आणि काठाशी, अगदी ओठ लागतो तिथे, एक बारीक तपकिरी जाळं. तिने त्यावर बोट ठेवलं. "आमच्या घरात इथपर्यंत कुणीच भरत नाही," ती म्हणाली. "हे कुणाचं?"

अम्मींनी छातीवर हात ठेवला.

तिने किटली उचलली आणि पेला भरला. आधी तिच्या सवयीपर्यंत, तिथे क्षणभर थांबली, आणि मग काठापर्यंत. अम्मींनी तो बोटांच्या टोकांनी उचलला, चटके खात, थेंब न सांडता, आणि सगळा प्यायल्या. ती पहिल्यांदा हसली. मग मी तिला तारीख सांगितली. ती ताडकन उठली आणि माझ्यावरच ओरडली, की मूर्खासारखी बसलीस काय, गाडी काढा.

परवाना त्या दुपारचा मिळाला. अम्मींनी घरूनच अंघोळ करून उमऱ्याची नियत बांधली. वाटेत त्या एक शब्द वेगळा बोलल्या नाहीत, ओठांत नुसतं लब्बैक, 'मी हजर आहे'. हरमच्या, म्हणजे काब्याभोवतीच्या मशिदीच्या, आवारात पोचलो तर उजवा पाय टेकवेना. नवऱ्याने व्हीलचेअर आणली. मला वाटलं, आता त्या अडून बसणार. आपल्या पायांनीच, हा त्यांचा निश्चय होता. त्या खुर्चीकडे पाहत राहिल्या, मग ओढणी सावरून बसल्या.

काबा दिसला तेव्हा त्यांनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. फेऱ्या झाल्या. मग सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमधल्या सात खेपा, म्हणजे सई, करताना खुर्ची माझ्या हातात होती. आजूबाजूला त्यांच्याहून म्हाताऱ्या बायका तुरुतुरु चालत होत्या. मला एकाएकी सगळं आठवून भरून आलं. ते सकाळचे सराव, तो रद्द केलेला गुरुवार, अख्खा रमजान. मी वाकून म्हटलं, "अम्मी, तेव्हाच आलो असतो तर चालत झालं असतं तुमचं."

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. "चालायला दाभोळला खाडीकाठ हाय गो," त्या म्हणाल्या. "इथं मी चालायला नव्हते आले. ढकल आता, मागं लोक थांबलेत."